बाईंचे कार्बोरेटर

बाईंनी मला खोली नंतर दाखवली, आधी मोटरसायकल दाखवली.

मी तेव्हा उल्हासनगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नुकतीच नोकरीला लागले होते आणि राहायला जागा शोधत होते. बरोबरच्या एकीने पत्ता दिला. ‘बदलापूरला शिरगावात एक बाई आहेत, एकट्या राहतात, आतली खोली भाड्याने देतात. पण जरा वेगळ्या आहेत हां.’ वेगळ्या म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. जिना चढायच्या आधीच त्या मला खाली पार्किंगमध्ये भेटल्या. स्टँडवर लावलेल्या एका जुन्या, जाडजूड मोटरसायकलवर बसून पेपर वाचत होत्या. पासष्टीच्या आसपास वय, बारीक कापलेले पांढरे केस, पंजाबी ड्रेस आणि मनगटात पुरुषी घड्याळ.

“खोलीसाठी आलीस?”

“हो काकू.”

“काकू नाही. बाई म्हण. कामावर सगळे बाईच म्हणायचे.” त्यांनी पेपरची घडी घातली. “या गाडीत काय नाही, सांग.”

मी बघितलं. इंजिनच्या मागच्या बाजूला दोन भोकं होती आणि त्यात जुन्या साडीचे बोळे कोंबलेले होते. त्यापलीकडे मला काही कळत नव्हतं. तसं मी सांगितलं.

“पास,” बाई म्हणाल्या. “कार्बोरेटर नाहीत, हवा आणि पेट्रोल मिसळणारे. अंदाजपंचे काही ठोकून दिलं असतंस तर खालूनच परत पाठवली असती. चल वर.”

अंबरनाथच्या एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. तिथे तपासणी विभागात बाईंनी नोकरीची सगळी वर्षं काढली होती. समोर आलेला प्रत्येक नग मोजायचा, हाताळायचा आणि तीनपैकी एका पेटीत टाकायचा. पास, रिजेक्ट, नाहीतर रिवर्क, म्हणजे दुरुस्तीला परत. रिटायर झाल्यावर पेट्या गेल्या, सवय राहिली. दुधाची पिशवी, भाजीवाल्याची गवार, टीव्हीवरचा पुढारी, मी लाटलेली पोळी, सगळ्याला त्याच तीन पेट्या. स्वतःच्या स्वयंपाकालाही त्यांनी कधी सवलत दिली नाही. आमटीचा पहिला घोट घेऊन “रिजेक्ट” म्हणायच्या आणि मग तीच आमटी निमूटपणे संपवायच्या.

एकदा नगरहून माझ्या मामाने एक स्थळ आणलं. मुलगा आईवडिलांबरोबर बाईंच्याच हॉलमध्ये बसला होता. बोलता बोलता तो म्हणाला, “लग्नानंतर नोकरीचं काय ते आमचं आम्ही बघू.” मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला, “रिजेक्ट!” मुलाची आई दचकली. मामा कसनुसं हसला. बाई पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आल्या आणि सगळ्यांना आग्रह करकरून वाढू लागल्या, जणू त्या काही बोलल्याच नव्हत्या. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. महिन्याभराने तो उरला नाही.

त्यांच्या घरात मसाल्याचे दोन डबे होते. एकात मोहरी, जिरं, हळद. दुसऱ्यात पितळेचे बारीक बारीक स्क्रूसारखे तुकडे, रबरी कड्या, चिमुकल्या स्प्रिंगा. पहिल्याच आठवड्यात मी फोडणीला चुकीचा डबा उघडला. तेल तापून धूर निघत होता आणि मी हातात मोहरीऐवजी पितळ घेऊन उभी होते.

“ते कार्बोरेटरचे जेट आहेत,” बाई म्हणाल्या. “त्यातून पेट्रोल जातं. ठेव परत. आणि गॅस बारीक कर.”

“पण बाई, कार्बोरेटरच नाहीयेत ना गाडीला?”

“येतील,” त्या म्हणाल्या.

ही गाडी त्यांच्या यजमानांची, असं सगळ्या बिल्डिंगला वाटायचं. म्हातारी नवऱ्याची आठवण जपतेय म्हणून लोक हळहळायचे. बाईंना त्याचा भयंकर संताप यायचा. “त्यांची कशी असेल? त्यांना सायकलसुद्धा येत नव्हती!”

गाडी त्यांनी तरुणपणी स्वतः घेतली होती, उल्हासनगरच्या एका सिंधी गृहस्थाकडून, सेकंडहँड. दोन सिलिंडरची, म्हणून दोन कार्बोरेटरची. तो काळच असा, की गृहस्थ सगळं काही बाईंच्या नवऱ्यालाच सांगत होता. अ‍ॅव्हरेज असं, पिकअप असा, “साईं, एक बार चला के तो देखो.” नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. तो शांतपणे म्हणाला, “मुझे कुछ नहीं समझता. इनको बोलो.” बाईंनी साडीचा पदर कमरेला खोचला, किक मारली, बाजाराच्या वळणापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मग त्या गृहस्थाने कपाळाला हात लावला, हसला, आणि नंतर वर्षानुवर्षं त्यानेच त्यांना सुटे भाग मिळवून दिले. बाई त्याच्याबद्दल नेहमी चांगलंच बोलायच्या. “चुकला, पण दुरुस्त झाला. असे कमी असतात.”

त्यानंतर रोज सकाळी बाई पुढे आणि चित्रकलेचे मास्तर मागे. मांडीवर दोघांचे डबे. त्यांना शाळेत सोडून बाई कारखान्यात जायच्या. मास्तरांना चिडवायला लोकांनी काय काय शोधून काढलं असेल, ते आपण समजू शकतो. बाई सांगायच्या, “मी विचारलं होतं एकदा, तुम्हाला वाईट वाटतं का? तर म्हणाले, मागे बसलं की रस्ता बघायला मिळतो.” एवढं सांगून त्या उठून कामाला लागायच्या. नवऱ्याबद्दल याहून जास्त मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मास्तर मी यायच्या बऱ्याच आधी, थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन, गेले होते.

कार्बोरेटर गेले ते त्यानंतर. शिरगावातून हमरस्त्याला लागताना एका टेम्पोने हात न दाखवता वळण घेतलं. बाई पडल्या, खांद्याचं हाड मोडलं. त्यांचा मुलगा अंबरनाथला राहायचा, एका खासगी कंपनीत अकाउंट्सला होता. तो धावत हॉस्पिटलमध्ये आला, तिथून आईला आपल्या घरी घेऊन गेला, बायकोच्या बरोबरीने त्याने सगळं केलं. आणि आई गळ्यात हात अडकवून त्याच्या घरी पडून होती तेव्हा तो एका मेकॅनिकला घेऊन शिरगावात आला आणि गाडीचे दोन्ही कार्बोरेटर काढून घेऊन गेला. ‘सर्व्हिसिंगला दिलेत’ म्हणाला. ते काही परत आले नाहीत. बाईंना सगळं कळलं. त्या हात बरा झाल्यावर आपल्या घरी परतल्या, गाडीची दोन भोकं बघितली, धूळ जाऊ नये म्हणून त्यात साडीचे बोळे घातले आणि मुलाला एका शब्दाने विचारलं नाही.

दर रविवारी मुलाचा फोन यायचा. तब्येत, औषधं, नातवाची परीक्षा, सगळं बोलणं व्हायचं. गाडीचं नाव दोघंही काढायचे नाहीत. मी एकदा न राहवून म्हटलं, “बाई, सरळ मागा ना त्यांच्याकडे.”

“स्वतःची वस्तू मागायची?” त्या म्हणाल्या. “आज कार्बोरेटर मागितले तर उद्या बाहेर जायची रजा मागावी लागेल. मी मागणार नाही. त्याने आणून द्यायचे.”

मागणार नव्हत्या, पण गप्पही बसणार नव्हत्या. त्यांनी मोटरसायकल रोज पुसायला सुरुवात केली. रविवारी सकाळी, सगळी बिल्डिंग दूध-पेपर आणायला खाली उतरलेली असताना, ती जड गाडी हाताने ढकलत गेटपर्यंत न्यायच्या, तिथे थोडा दम खायच्या आणि परत आणायच्या. कोणीतरी विचारायचंच, “बाई, बंद पडली का?”

“बंद पडलेली नाही. बंद केलेली आहे. माझ्या मुलाने.”

मग सोसायटीच्या चेअरमननी नियम काढला की पार्किंगमधली भंगार वाहनं मालकांनी हलवावीत, जागेची अडचण होते. ते स्वतः वर येऊन बाईंना सांगून गेले, अगदी अदबीने. बाईंनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी गाडीच्या टाकीवर एक पुठ्ठा लावला. अक्षर मास्तरांच्या वळणाचं, सुरेख. त्यावर लिहिलं होतं: ‘हे भंगार नाही. या गाडीचे दोन्ही कार्बोरेटर मालकिणीला न विचारता काढून नेलेले आहेत. अधिक चौकशी मालकिणीच्या मुलाकडे करावी.’

पुठ्ठ्याचा फोटो कोणी काढला माहीत नाही, पण तो सोसायटीच्या ग्रुपवरून निघाला तो बदलापूरभर फिरला. आमच्या लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या एका पोराने मला तो दाखवला. “मॅडम, देखा क्या ये? आपल्या बदलापूरचीच आहे म्हातारी. एकदम कडक.” मी त्याला मूठ बंद करायला सांगितलं आणि सुई टोचली.

त्याच रविवारी मुलगा आला. चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागला.

“आई, काय चाललंय हे? ऑफिसात चहावाला मला विचारतो, तुम्हीच का ते कार्बोरेटरवाले? सासऱ्यांचा फोन आला!”

“काय म्हणाले सासरे?”

“आई!”

“मी खोटं काही लिहिलंय का?”

“एकदा, फक्त एकदा मागितले असतेस तर दिले असते मी.”

“नेताना तू मागितलेस?”

तो खुर्चीत बसला. पंख्याखाली घाम पुसत राहिला. मी आत जायला निघाले तर बाई म्हणाल्या, “तू थांब. लपवायचं काही नाही यात.” मुलगा चांगला माणूस होता, हे मला इथे सांगायला हवं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो म्हणाला, “तू त्या हॉस्पिटलमध्ये पडली होतीस तेव्हा मला ओळखलं नव्हतंस. पाच-दहा मिनिटंच, पण ओळखलं नव्हतंस. ते मी कसं विसरू?”

 बाई म्हणाल्या, “मला माहीत नव्हतं ते.” आणि लगेच, “पण त्याचं आणि कार्बोरेटरचं काय?”

तो उठला, खाली गेला आणि आपल्या स्कूटरच्या डिकीतून एक कापडी पिशवी घेऊन आला. येताना ती बरोबर घेऊनच निघाला होता तर. त्याने ती टेबलावर ठेवली. बाईंनी पिशवी उघडली, दोन्ही कार्बोरेटर बाहेर काढले, एकेक करून नाकाशी नेले.

“जुनं पेट्रोल आत वाळलंय,” त्या म्हणाल्या. “रिकामे तरी करायचेस.”

पुढचे काही तास बाईंनी आम्हा दोघांना बोलू दिलं नाही. टेबलावर पेपर पसरले. दोन्ही कार्बोरेटर खोलले. आत हिरवट, चिकट थर साचला होता. तो त्यांनी पेट्रोलने आणि जुन्या टूथब्रशने धुऊन काढला. एक बारीक जेट बुजलेला होता. त्यात तार घालायची नाही, भोक मोठं होतं, असं त्यांनी मला बजावलं. माझ्याकडे लॅबमधल्या नव्या सिरिंज होत्या. त्यातल्या एकीत पेट्रोल भरून मी जेटमधून दाबलं. बराच वेळ काहीच झालं नाही, मग दोऱ्यासारखी सरळ धार निघाली. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. कार्बोरेटर आणि इंजिन जोडणारे रबर कडक झाले होते. ते त्यांनी चहाच्या पातेल्यात गरम पाण्यात टाकले. मग सगळी वरात खाली पार्किंगमध्ये.

पार्किंगमध्ये हळूहळू माणसं जमली. चेअरमन आले, पहिल्या मजल्यावरच्या बायका आल्या. मुलगा जिन्यात हाताची घडी घालून उभा राहिला. बाई जमिनीवर पोतं टाकून बसल्या. साडीचे बोळे काढले, मऊ झालेले रबर चढवले, त्यात एकेक कार्बोरेटर दाबून बसवला, मागून हवेचा पाइप जोडला, क्लिपा आवळल्या. गियरच्या तारेला लटकणारा पिस्टनसारखा भाग, ज्याला त्या स्लाइड म्हणत, तो स्प्रिंगसकट वरून आत सोडला. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पिळला की ही स्लाइड वर उचलली जायची आणि हवा आत जायची, असं त्या मला काम करता करता सांगत होत्या. मी चुकून ‘गियरची तार’ म्हटलं होतं, ते त्यांनी दुरुस्त केलं. अ‍ॅक्सिलरेटरची तार. माझ्या डोक्यात ती अजूनही आधी गियरचीच येते.

पेट्रोलचा नळ सुरू केला. बाई उठल्या, गाडीवर बसल्या, किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. पुन्हा. आणि एकदम गाडी किंचाळली. फुल अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यासारखा आवाज, निळा धूर, लोक मागे पळाले, कोणाचं तरी लहान मूल रडायला लागलं. बाईंचा हात अ‍ॅक्सिलरेटरवर नव्हताच. त्यांनी चावी फिरवून गाडी बंद केली. कान सुन्न झाले होते.

“बस,” मुलगा पुढे आला. “आता बस, आई. बघितलंस ना? हेच रस्त्यात झालं असतं तर?”

चेअरमन म्हणाले, “बाई, एखाद्या मेकॅनिकला तरी…”

बाई खाली उतरल्या.  जिन्याच्या पायरीवर बसल्या. पुन्हा त्या कार्बोरेटरांकडे बघत राहिल्या आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “चूक माझी आहे. डावी स्लाइड उजवीकडे गेली आणि उजवी डावीकडे. त्यामुळे स्लाइडची कापलेली बाजू उलटी बसली आणि हवा बंदच होईना.”

“तेच म्हणतोय मी,” मुलगा म्हणाला. “तुझ्याच्याने आता…”

“ऐक.” बाईंचा आवाज चढला नव्हता. “कारखान्यात माझ्या टेबलावर रोज चुका यायच्या. चांगल्या चांगल्या कारागिरांच्या. त्यांना कोणी घरी बसवलं नाही. नग परत पाठवायचे, ते नीट करून आणायचे. तू पहिल्यांदा गाडी शिकलास तेव्हा गटारात घातलीस, मी तुझी चावी काढून घेतली? मग माझीच चूक झाली की ती म्हातारपण का होते रे?”

 बाई उठल्या, पोत्यावर बसल्या. “रिवर्क,” म्हणाल्या आणि क्लिपा सैल करायला लागल्या.

दुसऱ्यांदा त्यांनी घाई केली नाही. प्रत्येक स्लाइड हातात घेऊन फिरवून बघितली. हवेचा पाइप जोडायच्या आधी दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडात एकेक बोट घातलं आणि मला अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू पिळायला सांगितलं. दोन्ही स्लाइड बरोबरीने वर येतायत का, ते त्या बोटांनी बघत होत्या, डोळे मिटून. एक जरा मागे राहत होती. तारेवरचा नट थोडा फिरवला, पुन्हा बघितलं, पुन्हा फिरवला. शेवटच्या क्लिपपर्यंत त्यांचा हात पोचेना, खांदा वळत नव्हता. मुलगा बाजूला येऊन बसला.

“धर,” बाई म्हणाल्या. “नुसती धर. आवळायची मी.”

त्याने धरली.

या वेळी गाडी दुसऱ्याच किकला सुरू झाली. आधी अडखळली, खोकली, मग लय सापडली तशी शांत ठोके देऊ लागली. पहिल्या मजल्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वरून हेल्मेट आणायला सांगितलं.

मी हेल्मेट घेऊन खाली आले तेव्हा मुलगा पुढच्या चाकासमोर उभा होता.

“मी बाजूला होणार नाही,” तो म्हणाला.

“ठीक आहे. मी थांबते.”

“आई, पुन्हा पडलीस तर?”

“तर पडेन. हाड माझं आहे.”

“आणि मी?”

  गाडी ठोके देत होती, धूर दोघांच्या मधून वर चालला होता. मग बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या, “तुला भीती वाटणार. मला कळतं ते. तू रात्री उशिरा यायचास तेव्हा मला वाटायचीच. पण मी तुला बांधून नाही ठेवलं.”

 शेवटी तो म्हणाला, “कुठे जाणार ते तरी सांग.”

“सांगितलं तर ती परवानगी होते,” बाई म्हणाल्या.

तो बाजूला झाला. बाई गेटमधून बाहेर पडल्या, डावा हात दाखवला आणि वळल्या. थोडा वेळ आवाज ऐकू येत राहिला, मग तोही थांबला.

ती सगळी दुपार आम्ही दोघं जिन्यात बसून होतो. वर जावंसं त्याला वाटत नव्हतं आणि त्याला एकटं सोडावंसं मला वाटेना. त्याने एकदाही फोन लावला नाही, पण फोन हातात धरून होता. मध्येच म्हणाला, “लहानपणी मला लाज वाटायची. सगळ्यांचे बाबा गाडी चालवायचे.” मग थोड्या वेळाने, “बाबांना कधीच नाही वाटली.”  चेअरमन दोनदा येऊन बघून गेले आणि दुसऱ्या वेळी आमच्यासाठी चहा घेऊन आले.

दिवे लागायच्या सुमाराला बाई परत आल्या. बुटांना लाल माती लागलेली, चेहरा धुळीने भरलेला. सोनिवलीकडे गेल्या असाव्यात, किंवा अजून पुढे. गाडी स्टँडला लावली, इंजिनवर हात ठेवून ते किती तापलंय ते बघितलं. मुलगा उठून उभा राहिला. त्याने आईला वरपासून खालपर्यंत बघितलं, गाडीच्या दोन्ही बाजूंनी फिरून बघितलं. काही विचारण्यासाठी त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, “जेवायला काय आहे?”

“तू करशील ते,” बाई म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.

त्यानंतर काही वर्षं मी त्यांच्याकडे राहिले. गाडी चालू होती. पावसात त्या काढायच्या नाहीत, एरवी आठवड्यातून दोन-तीनदा जायच्या. कुठे जाते ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मुलाने त्या रविवारनंतर पुन्हा विचारलं नाही. त्याची झोप किती उडाली असेल, ते त्याचं तो जाणे. पडल्या त्या एकदाच, गेटातच, उभ्या गाडीवरून. गुडघा खरचटला. त्यांनी स्वतःच मुलाला फोन करून सांगितलं, त्यावर तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण बाई हसल्या.

मग माझं लग्न झालं आणि मी पुण्याला आले. फोन होत राहिले. गेल्या महिन्यात त्यांचा आला. आवाज जरा बारीक झालाय, पण बोलणं तसंच, दाराची कडी काढल्यासारखं.

“गाडी दिली,” त्या म्हणाल्या.

मला धक्काच बसला. “दिली? कोणाला?”

“ते महत्त्वाचं नाही. दुसरं विचार.”

“काय विचारू, बाई?”

“कोणी द्यायला लावली का, ते विचार.”

मी विचारलं.

“कोणीही नाही,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.